मोत्याची रामटेक सहल

आजचा विषय ऐकून काही जणी हसतील. आज आपण कुत्र्याच्या सहलीबद्दल बोलणार आहोत. माणसांची सहल जुळवतानाच नाकी नऊ येतात, त्यात कुत्र्याची कुठली सहल, असं तुम्ही म्हणाल. आम्हीही तेच म्हणत होतो. पण आमच्या गटाची एक सहल कुत्र्यामुळे कायमची लक्षात राहिली. त्यात आमची चूक झाली, आणि त्या चुकीतून आम्ही बरंच शिकलो. तेच आज तुम्हाला सांगतो.

दिवाळी होऊन गेली होती. कापसाची पहिली वेचणी आटोपली होती आणि दुसरी सुरू व्हायला थोडे दिवस होते. गटाच्या बैठकीत ठरलं, एक दिवस रामटेकला जायचं. आमच्या पारशिवनीहून रामटेक काही लांब नाही. आमडी फाटा, मनसर आणि पुढे रामटेक. आम्ही भाड्याची गाडी ठरवली, पुऱ्या आणि चटणीचे डबे बांधले, पोरंसोरं घेतली. गाडी निघायच्या वेळी मोत्यानं आत उडी मारली.

मोत्या आमच्यातल्या एका ताईंच्या घरचा कुत्रा. घरचा म्हणजे काय, तर त्यांच्या दारात राहतो, त्यांच्या घरची पोळी खातो आणि रात्री सगळ्या गल्लीची राखण करतो. गळ्यात पट्टा नाही, कधी बांधलेला नाही. कोणी त्याला खाली उतरवायला गेलं, तर मागून एक आजी म्हणाल्या, “असू द्या न बाई, त्याले बी देवदर्शन होईल.” सगळ्या हसल्या आणि मोत्या सहलीला निघाला.

रामटेकला बघण्यासारखं खूप आहे. गडावर रामाचं देऊळ, भोसल्यांच्या काळातलं बांधकाम, खाली अंबाळा तलाव. वराहाची मोठी मूर्ती आहे, तिच्या पोटाखालून लोक सरपटत जातात. आम्हाला खास बघायचं होतं ते केवल नरसिंहाचं देऊळ. दीड हजार वर्षांपूर्वी या भागावर वाकाटकांचं राज्य होतं. राजा दुसरा रुद्रसेन वारला तेव्हा मुलं लहान होती. मग त्यांची आई प्रभावतीगुप्त हिनं राज्याचा कारभार सांभाळला. तिच्या लेकीनं आईची आठवण ठेवली, ती या देवळातल्या शिलालेखात कोरलेली आहे. रामटेकजवळचं नगरधन म्हणजेच वाकाटकांची राजधानी नंदिवर्धन, असं अभ्यासक मानतात. तिथल्या उत्खननात प्रभावतीगुप्तच्या नावाची मातीची मुद्राही सापडली. आपल्या शेजारच्या गावी एका बाईनं राज्य चालवलं, ही गोष्ट आमच्या पोरींना दाखवायची होती.

पण त्या देवळापर्यंत आम्ही पोचलोच नाही. गडावर वानरांची काय गर्दी असते, ते तुम्हाला माहीत आहेच. एका वानरानं आमच्यातल्या पोराच्या हातातली प्रसादाची पुडी ओढली. मोत्या भुंकत धावला. वानरं उलट चाल करून आली, भाविकांची पळापळ झाली. त्या पोरानं मोत्याला आवरायला मागून धरलं, आणि घाबरलेल्या मोत्यानं वळून त्याच्या हाताचा चावा घेतला. रक्त आलं.

घरचाच कुत्रा, त्याला काय होतं, असं निम्म्या जणी म्हणाल्या. एकीनं डब्यातलं तिखट काढलं, दुसरीनं चुना. आमच्यात एक आशाताई होत्या. त्यांनी सगळ्यांचे हात बाजूला केले, पोराला नळाखाली नेलं आणि साबणानं जखम धूत राहिल्या. घड्याळ लावून पंधरा मिनिटं. मग आम्ही सरळ सरकारी दवाखाना गाठला. डॉक्टरांनी पहिलाच प्रश्न विचारला, “कुत्र्याला इंजेक्शन दिलं आहे का?”

मैत्रिणींनो, त्या खोलीत आम्ही सात बाया होतो. एकीलाही उत्तर देता आलं नाही. मोत्याला रोज भाकरी घालणाऱ्या आम्हीच, पण त्याला कधी टोचलं आहे का, याची आठवण एकीलाही नव्हती. कारण कधी टोचलंच नव्हतं.

दहा दिवस

पोराला त्याच दिवशी पहिलं इंजेक्शन मिळालं. रक्त आलं होतं म्हणून जखमेत आणि जखमेभोवतीही वेगळं औषध टोचलं. पुढची इंजेक्शनं तिसऱ्या, सातव्या आणि अठ्ठाविसाव्या दिवशी. पैसे लागले नाहीत, पण दर वेळी आईला वेचणी सोडून दवाखान्यात जावं लागलं. ती रोजी आम्ही गटाच्या निधीतून भरून दिली. रोजी भरून देता आली, तिची काळजी मात्र भरून देता आली नाही.

डॉक्टरांनी आणखी एक काम सांगितलं. मोत्याला बांधून ठेवा आणि दहा दिवस त्याच्याकडे लक्ष द्या. कुत्र्याला रेबीज असेल, तर त्याच्या लाळेतून रोग पसरायला लागल्यावर थोड्याच दिवसांत तो आजारी पडतो आणि मरतो. चावल्यानंतर दहा दिवस कुत्रा धडधाकट राहिला, तर चावताना त्याच्या लाळेत रोग नव्हता असं समजतात. पण ही दहा दिवसांची वाट बघत माणसाचं इंजेक्शन थांबवायचं नाही. ते पहिल्याच दिवशी सुरू करायचं. कारण माणसात रोगाची लक्षणं दिसायला कित्येक आठवडे, कधी महिनेही लागतात, आणि लक्षणं एकदा दिसली की औषध चालत नाही. इंजेक्शन वेळेत घेतलं, तर मात्र हा रोग टाळता येतो. १८८५ साली फ्रान्समध्ये लुई पाश्चर यांनी कुत्रा चावलेल्या एका मुलाला ही लस पहिल्यांदा दिली, तेव्हापासून लाखो जीव वाचले आहेत.

ते दहा दिवस आम्ही विसरणार नाही. रोज सकाळी कोणी ना कोणी जाऊन बघायचं, मोत्या जेवला का, पाणी प्यायला का, लाळ गाळतो का. शाळेत जाताना ते पोरही डोकावून विचारायचं, “मोत्या बरा आहे न?”

डेल्फ्ट गावचा फोटो

त्याच दिवसांत आमच्या गटातल्या एका ताईंच्या भाचीचा फोन आला. ती हॉलंडमध्ये नोकरी करते. मोत्याची हकीगत ऐकून तिनं एक फोटो पाठवला. जुनं शहर, मधून वाहणारा कालवा, कमानीचा पूल आणि पुलावर ऐटीत उभा असलेला तिच्या शेजाऱ्यांचा कुत्रा. ती म्हणाली, “आत्या, हा आज आमच्याबरोबर रेल्वेनं आला आणि दिवसभर डेल्फ्ट बघितलं.”

आम्ही चाट पडलो. कुत्रा रेल्वेनं शहर बघायला जातो? मग आम्ही तिला खोदून खोदून विचारलं, आणि जे कळलं ते फार उपयोगाचं निघालं.

हॉलंडच्या लोकांना आपल्याकडे पूर्वी वलंदेज म्हणत. सतराव्या शतकात ते व्यापाराला कोकणात आले. वेंगुर्ल्याला त्यांच्या वखारीची पडकी इमारत आजही आहे. त्यांच्या व्यापारी कंपनीच्या सहा शाखा होत्या, त्यातली एक या डेल्फ्ट शहरात होती. शहर फार जुनं, १२४६ साली त्याला शहराचा दर्जा मिळाला. निळ्या नक्षीच्या पांढऱ्या चिनी मातीच्या भांड्यांसाठी ते प्रसिद्ध आहे.

या डेल्फ्टच्या मोठ्या चर्चमध्ये एका कुत्र्याची मूर्ती आहे. हॉलंडचा राष्ट्रपिता मानला जाणारा राजपुत्र विल्यम याचा १५८४ साली याच शहरात गोळ्या घालून खून झाला. त्याच्या संगमरवरी समाधीवर तो आडवा निजलेला दाखवला आहे आणि त्याच्या पायाशी त्याचा छोटा कुत्रा आहे. १५७२ साली शत्रूनं रात्री छावणीवर छापा घातला, तेव्हा या राजपुत्राच्या कुत्र्यानं त्याला जागं करून वाचवलं, असं सांगतात. मालक गेल्यावर कुत्र्यानं अन्नपाणी सोडलं, अशीही कथा आहे. ऐकताना आम्हाला रायगडावरचा वाघ्या आठवला. वाघ्याच्या गोष्टीला इतिहासात पुरावा आहे की नाही, यावर आपल्याकडे वाद आहेत. पण इमानी कुत्र्याची गोष्ट माणसाला सगळीकडेच सांगाविशी वाटते. धर्मराजाच्या शेवटच्या प्रवासात कुत्रा होताच की.

आता गंमत बघा. कुत्र्याची दगडी मूर्ती चर्चमध्ये असली, तरी जिवंत कुत्र्याला वाटेल तिथे शिरू देत नाहीत. पूर्वी तर हॉलंडच्या चर्चमध्ये कुत्र्यांना हाकलायला पगारी माणूस ठेवलेला असे. भाचीच्या शेजाऱ्यांचा कुत्राही समाधी बघायला आत गेला नाही. एक जण बाहेर चौकात त्याच्याजवळ थांबला, दुसरे आत जाऊन आले, मग पाळी बदलली.

तिथे कुत्र्यांचे दिवस पहिल्यापासून सुखाचे होते असंही नाही. गरीब लोक कुत्र्यांना गाडीला जुंपत. दुधाच्या कॅना, भाजी, पाव, सगळं कुत्रे ओढत. १९१० साली त्यावर कायदा झाला आणि पुढे ही पद्धत बंद पडली. आज तिथे मोठ्या कुत्र्याचं रेल्वेचं दिवसाचं तिकीट मिळतं, आणि पिशवीत मावणारा छोटा कुत्रा फुकट जातो. पण त्यामागे मालकाला बरंच करावं लागतं. १ एप्रिल २०१३ पासून जन्मलेल्या प्रत्येक पिल्लाच्या मानेच्या कातडीखाली तांदळाच्या दाण्याएवढी चिप बसवतात. तिच्यात नंबर असतो, त्यावरून मालक कोण ते कळतं. गावोगावी कुत्र्यावर करही होता, काही ठिकाणी अजून आहे. रस्त्यात दोरी हातात धरायची, आणि कुत्र्यानं घाण केली तर मालकानंच पिशवीत उचलायची.

आमच्या लक्षात आलं ते इथे. त्या कुत्र्याला शहर मोकळं आहे, कारण त्याची जबाबदारी कोणाची हे ठरलेलं आहे. मोत्याला आम्ही अख्खा गाव मोकळा दिला होता, जबाबदारी मात्र कोणीच घेतली नव्हती.

कुत्रा गाव कसं बघतो?

कुत्र्याला देऊळ, तलाव, कालवा यातलं काय कळतं? आपण डोळ्यांनी बघतो, कुत्रा नाकानं बघतो. आपल्या नाकात वास ओळखणाऱ्या पेशी साधारण पन्नास-साठ लाख असतात. कुत्र्याच्या नाकात जातीप्रमाणे दहा ते तीस कोटी. खांबाजवळ थांबून तो हुंगत राहतो तेव्हा आपण दोरी ओढतो. पण तिथून कोण गेलं, नर की मादी, ओळखीचं की परकं, हे तो वाचत असतो. म्हणजे त्याच्यासाठी सहल म्हणजे नवे वास आणि ते हुंगायला मिळालेला वेळ. त्याला गडावर नेलंच पाहिजे असं नाही. गावाबाहेरच्या पांदण रस्त्यानं अर्धा तास, त्याच्या चालीनं, दोरी सैल ठेवून नेलं, तरी त्याची सहल होते. मोत्याला रामटेकला नेण्याची हौस आमची होती. त्याच्या वाट्याला परकी जागा, गर्दी आणि अंगावर येणारी वानरं आली.

नेऊ नये अशा जागा

पहिली जागा, आपलं पेंचचं जंगल. आपल्या तालुक्यातून कोलितमाऱ्याकडून लोक जंगल बघायला जातात. व्याघ्र प्रकल्पात पाळीव कुत्रा नेता येत नाही, आणि नियमाला कारण आहे. डिस्टेंपर नावाचा कुत्र्यांचा रोग रानकुत्र्यांना, वाघ-बिबट्यांनाही लागतो. २०१८ साली गुजरातमध्ये गीरला वीसहून जास्त सिंह दगावले, तेव्हा त्यांच्यात हा रोग सापडला होता. उलट बाजूनं बघितलं, तर कुत्रा हे बिबट्याचं आवडतं भक्ष्य. लाकडं किंवा मोहफुलं वेचायला जाताना मागे आलेला कुत्रा बिबट्याला आपल्याजवळ आणू शकतो.

दुसरी जागा, पुरातत्त्व खात्यानं संरक्षित केलेली देवळं, किल्ले आणि लेणी. तिथे जनावर आत नेण्यास मनाई असते. जाण्याआधी फलक वाचावा.

तिसरी, जत्रा. कार्तिकात त्रिपुरी पौर्णिमेला रामटेकला किती लोक लोटतात! फटाके, भोंगे, पायाखाली येणारी माणसं. शहाणा कुत्राही तिथे बिथरतो.

आणि चौथी, उन्हाळ्यातली दुपार. कुत्र्याला आपल्यासारखा अंगभर घाम येत नाही. तो जीभ बाहेर काढून धापा टाकतो आणि मुख्यतः त्यावरच अंग थंड ठेवतो. आपल्या वैशाखात डांबरी रस्त्यावर त्याचे तळवे भाजतात. रस्त्याला हाताची मागची बाजू लावून बघा. पाच-सात सेकंद ठेववत नसेल, तर कुत्र्यालाही चालवू नका. बंद गाडीत तर पाच मिनिटंही सोडू नका.

नेणारच असाल तर

आधी गुरांच्या दवाखान्यात न्या. पिल्लू तीन महिन्यांचं झालं की रेबीजची पहिली लस, मग डॉक्टर सांगतील तेव्हा दुसरी, आणि पुढे दर वर्षी एक. कार्डावर तारीख लिहून घ्या आणि ते कार्ड रेशनकार्डाबरोबर ठेवा. जंताचं औषध आणि गोचिडांवरचा उपायही तेव्हाच विचारून घ्या.

गळ्यात पट्टा घाला आणि पट्ट्यावर आपला फोन नंबर लिहा. दोरीची सवय घरीच लावा. ज्याला कधी बांधलं नाही, त्याला सहलीच्या दिवशी बांधलं तर तो चवताळतो. पिण्याचं पाणी आणि एक वाटी बरोबर ठेवा. गाडी लागते म्हणून निघण्याआधी पोटभर खाऊ घालू नका. कांदा, लसूण, द्राक्षं, मनुका आणि चॉकलेट कुत्र्याला बाधतात. आपल्या डब्यातली कांद्याची भाजी प्रेमानं देऊ नका. लेकरांना सांगून ठेवा, घाबरलेल्या किंवा भांडणाऱ्या कुत्र्याला मागून धरायचं नाही. आणि एका मोठ्या माणसानं दिवसभर फक्त त्याच्याकडे बघायचं. आमच्या सहलीत हेच नव्हतं. सगळ्यांचा मोत्या होता, म्हणून कोणाचंच लक्ष नव्हतं.

लांबच्या प्रवासाचं विचाराल, तर आपल्या रेल्वेत कुत्रा नेता येतो, पण कुठल्याही डब्यात नाही. एसी फर्स्ट क्लासमध्ये दोन किंवा चार जणांची आख्खी खोली आपल्या नावावर असेल तर तिथे, नाहीतर गार्डाच्या डब्यातल्या पेटीत. स्लीपरमध्ये नेता येत नाही. त्यासाठी पार्सल ऑफिसात वेगळी नोंद करावी लागते आणि लसीचं कार्ड दाखवावं लागतं. एस.टी.नं जायचं असेल, तर आगारात आधी विचारून घ्या.

नेता येत नसेल, तर घरी ठेवणं हा काही अन्याय नाही. सावली, दोन वेळचं खाणं, पाण्याचं भांडं भरणारी शेजारीण, एवढं ठरवून जा. दिवसभर उन्हात बांधून जाणं मात्र अन्याय आहे.

आणि कुत्रा चावलाच तर

हे पाठच करा. नळाखाली साबणानं पंधरा मिनिटं जखम धुवा. तिखट, हळद, चुना, तेल, काही लावू नका. त्याच दिवशी सरकारी दवाखान्यात जा. चावणारा कुत्रा घरचा असो, पिल्लू असो, नुसतं ओरखडलं असो, डॉक्टरांना दाखवा. दिलेल्या सगळ्या तारखांना इंजेक्शन घ्या. दोन घेऊन बरं वाटलं म्हणून थांबू नका. आणि मंत्र, अंगारा, झाडपाल्यात वेळ घालवू नका.

आता मोत्याचं सांगतो. दहावा दिवस उजाडला, मोत्या ठणठणीत होता. अकराव्या दिवशी त्याला गुरांच्या दवाखान्यात नेलं आणि टोचलं. दोरी धरायला ते पोरच होतं. आमच्या गटाच्या बचतीच्या वहीत आता मागच्या बाजूला एक पान आहे. गल्लीतल्या प्रत्येक कुत्र्याचं नाव, त्याला रोज खाऊ घालणाऱ्या बाईचं नाव आणि इंजेक्शनची तारीख. २८ सप्टेंबर हा जागतिक रेबीज दिवस असतो. त्या दिवशीच्या बैठकीत ते पान वाचायचं, असं ठरलं आहे.

तुमच्याही गटाच्या वहीत एक पान कोरं असेल. पुढच्या बैठकीत ते उघडा. तुमच्या दारातल्या कुत्र्याला इंजेक्शन दिलं आहे का, असं उद्या कोणी डॉक्टर विचारतील, तेव्हा तुमच्यावर आमच्यासारखी गप्प बसायची वेळ येऊ नये.

केवल नरसिंहाचं देऊळ आमचं बघायचं राहिलं आहे. या वेचणीनंतर पुन्हा जाऊ. मोत्या गल्लीतच राहील, त्याला पाणी कोणी द्यायचं ते ठरलं आहे.